नोझावा ओनसेनला स्कीइंगला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की मला निरोप यायला लागतात. "या वर्षी मुलांना बर्फ दाखवायचाय." "टोक्योला येतोय, दोन दिवसांत स्की जमेल का?" "तुमचं ते गरम पाण्याचं गाव कोणतं?" मी टोक्योत राहते आणि दर हिवाळ्यात एकदा तरी नागानो प्रांतातल्या नोझावा ओनसेनला जाते. एकच उत्तर वीस जणांना लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. किमती दर हंगामाला बदलतात, त्यामुळे इथले आकडे अंदाजापुरते धरा.

१. निसेको, हाकुबा ही नावं ऐकली आहेत. मग नोझावाच का?

निसेको होक्काइडो बेटावर आहे, म्हणजे टोक्योहून आणखी एक विमान. हाकुबा मोठं आणि सुंदर आहे, पण तिथली स्की मैदानं खोऱ्यात विखुरलेली आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला बस पकडावी लागते. नोझावाला एकच डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी एकच गाव. खोलीतून निघायचं ते चालत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत. डोंगराचा पायथा ५६५ मीटरवर, माथा १६५० मीटरवर आणि सर्वांत लांब उतार १० किलोमीटरचा.

मला मात्र ते आवडतं ते दुसऱ्याच कारणाने. हे पर्यटकांसाठी वसवलेलं रिसॉर्ट नाही. आधी गरम पाण्याचे झरे होते, त्यांच्याभोवती गाव होतं, आणि १९२३ मध्ये गावकऱ्यांनीच आपला स्की क्लब काढला. आजही तुम्ही संध्याकाळी स्नानाला जाता तेव्हा शेजारी बसलेल्या आजी गावातल्याच असतात. आपण त्यांच्या घरी गेलेलो असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. बर्फच पाहायचा तर गुलमर्ग जवळ नाही का?

जवळ आहे, स्वस्त आहे, आणि ज्यांना स्की चांगलं येतं त्यांच्यासाठी अप्रतिम आहे. पण गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो आणि वरचा बराचसा डोंगर यंत्राने सपाट न केलेला असतो. नवशिक्याच्या वाट्याला खालचा छोटा उतार येतो. नोझावात साधारण ४० टक्के उतार नवशिक्यांचे आहेत, आणि उंची कमी असल्यामुळे धाप लागत नाही. कधीच स्की न केलेल्या कुटुंबाला मी जपान सांगते. मुरलेल्यांना सांगते, दोन्ही करा.

३. कोणत्या महिन्यात यावं?

हंगाम साधारण डिसेंबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पिठासारखा भुरभुरीत बर्फ हवा असेल तर जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. त्याच काळात थंडी कडक असते, आणि ढग उतरले की हाताची बोटं दिसत नाहीत असेही दिवस येतात.

पहिल्यांदा शिकणाऱ्यांना मी फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य सुचवते. ऊन असतं, वर्गांत जागा मिळते, आणि आपटलं तरी हुडहुडी भरत नाही. दुपारनंतर पायथ्याचा बर्फ ओला होतो हे खरं, पण शिकणाऱ्याला त्याने फारसं बिघडत नाही. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी मात्र टाळा. सगळा जपान सुट्टीवर असतो.

४. टोक्योला कोरडं ऊन आणि दोन तासांवर तीन मीटर बर्फ, हे कसं?

सह्याद्री आठवा. अरबी समुद्रावरून आलेला वारा घाटाला धडकतो, महाबळेश्वर भिजतं आणि फलटण कोरडं राहतं. इथे तेच हिवाळ्यात घडतं. सायबेरियातून येणारा कोरडा, गार वारा त्या मानाने उबदार असलेल्या जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प घेतो, होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या मधल्या डोंगररांगांच्या कण्याला धडकतो आणि सगळं ओझं बर्फाच्या रूपात टाकतो. नोझावा त्या कण्याच्या समुद्राकडच्या बाजूला, टोक्यो पलीकडे. म्हणून टोक्योतलं हवामान बघून कपडे भरू नका.

५. टोक्योहून कसं पोहोचायचं?

टोक्यो किंवा उएनो स्टेशनवरून होकुरिकु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन, उतरायचं इइयामा स्टेशनला. पावणेदोन-दोन तास. 'कागायाकी' नावाच्या गाड्या इइयामाला थांबत नाहीत. 'हाकुताका'च घ्यायची, आणि त्यातलीही इइयामाला थांबणारी बघून घ्यायची. स्टेशनसमोरून 'नोझावा ओनसेन लायनर' ही बस साधारण २५ मिनिटांत गावात सोडते. शिनकानसेनचं तिकीट एका बाजूने नऊ हजार येनांच्या आसपास.

देशभर चालणारा जपान रेल पास या एका फेरीसाठी घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच्या किमती इतक्या वाढल्या की टोक्यो-नोझावा-टोक्योत तो वसूल होत नाही.

६. एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल, पण येऊ नका. पाच-सहा तास प्रवासात जातील आणि संध्याकाळचं गाव हुकेल. टोक्योत राहणाऱ्यांना एका दिवसाची हौस भागवायची असेल तर गाला युझावा बरं. तिथे शिनकानसेनचं स्टेशनच स्की केंद्राच्या इमारतीत आहे आणि टोक्योहून दीड तासाच्या आत पोहोचता येतं. नोझावाला किमान तीन रात्री ठेवा.

७. दोन मोठ्या बॅगा घेऊन बर्फातून कसं जायचं?

जायचं नाही, पाठवायच्या. जपानमध्ये 'ताक्क्युबिन' नावाची घरपोच सामान पोहोचवण्याची सेवा आहे. विमानतळावरून किंवा टोक्योच्या हॉटेलातून बॅग दिली की एक-दोन दिवसांत ती मुक्कामी हजर. चढाच्या, निसरड्या गल्लीत चाकांची बॅग ओढणाऱ्या माणसाचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगते. पाठीवर दोन दिवसांचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट तेवढा ठेवा.

८. आयुष्यात कधी स्की केलेलं नाही. किती दिवसांत जमेल? वय ४८.

वयाचा प्रश्न नाही, मांड्यांचा आहे. घरून निघण्याआधी महिनाभर जिने चढा-उतरा आणि उठाबशा काढा.

पहिला दिवस पडण्यात आणि उठायला शिकण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणून उलट्या इंग्रजी 'V' सारखा आकार करत वेग आवरता येतो. तिसऱ्या दिवशी सौम्य उतारावर वळणं घेत खाली येता येतं, आणि मग लोक मला फोटो पाठवतात. पहिल्या दिवशी तोल सांभाळणं स्कीवर सोपं जातं. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे सुरुवातीला मनगटं आणि माकडहाड यांची परीक्षा असते. फक्त दोनच दिवस असतील तर स्की घ्या.

आणि नवऱ्याकडून, मित्राकडून किंवा भावाकडून शिकू नका. पहिल्या दिवशी वर्ग लावा. यात पैसे वाचवणाऱ्यांचा दुसरा दिवस भांडणात जातो.

९. वर्ग इंग्रजीत असतात का? आम्हाला जपानी अजिबात येत नाही.

इंग्रजीत शिकवणारे वर्ग आहेत, पण जानेवारीतल्या जागा लवकर भरतात. राहण्याची सोय झाली की लगेच वर्गाचं बघा.

जपानी स्कीयरांच्या तोंडी मात्र इंग्रजीपेक्षा जर्मन शब्द जास्त ऐकू येतात. उताराला 'गेरेंदे', हातातल्या काठीला 'स्तोक्कु', घट्ट गोठलेल्या बर्फाला 'आइसुबान', तो उलट्या 'V'चा आकार म्हणजे 'बोगेन'. १९११ च्या जानेवारीत थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन मेजरने ताकादा इथे जपानी सैनिकांना स्की शिकवलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. ताकादा नोझावापासून फार लांब नाही. पुढे १९३० मध्ये ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागातले नामवंत शिक्षक हानेस श्नायडर जपानला आले आणि नोझावालाही येऊन गेले. डोंगरावरच्या एका अवघड उताराला त्यांचंच नाव आहे, आणि त्यांच्याकडचं सांक्ट आंटोन हे नोझावाचं भगिनी-गाव आहे.

१०. डोंगर फार मोठा दिसतो. कोणी कुठे जायचं?

आधी रंग समजून घ्या. जपानमध्ये हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. युरोपात-अमेरिकेत दिसणारा निळा इथे नसतो, त्यामुळे परदेशात शिकून आलेले गोंधळतात.

अगदी पहिला दिवस: हिकागे. गावातून 'यू-रोड' नावाचा सरकता पट्टा थेट तिथे नेतो, त्यामुळे जड बूट घालून चढ चढावा लागत नाही. उतार सौम्य, मुलांसाठी वेगळी जागा, आणि थकलात तर गाव हाकेच्या अंतरावर.

वेग आवरता यायला लागला की डोंगराच्या मध्यावरचं उएनोताइरा. रुंद, मोकळं पठार आहे. चुकून वळण लांबलं तरी झाड अंगावर येत नाही. मला शिकणाऱ्यांसाठी हा अख्ख्या डोंगरावरचा सर्वांत प्रेमळ भाग वाटतो. तिथून खाली येणारा 'पॅराडाइस' उतारही रुंद आहे, मात्र दुपारी तिथे सगळ्यांची वर्दळ होते.

लाल उतार आत्मविश्वासाने जमत असतील तर नागासाकाचा गोंडोला पकडून यामाबिकोला, म्हणजे माथ्याकडे जा. २०२० मध्ये हा गोंडोला नवा झाला. वर बर्फ सर्वांत कोरडा, आणि फेब्रुवारीत झाडं बर्फाने इतकी लिंपलेली असतात की फांदी दिसत नाही, नुसते पांढरे गणपती ओळीने बसलेत असं वाटतं. स्वच्छ दिवशी कड्याच्या धारेवरून उतरणारा 'स्कायलाइन' घ्या. दोन्ही बाजूंना दऱ्या आणि समोर खाली गाव.

काळ्या उतारांवर ३९ अंशांपर्यंत कल आहे. 'श्नायडर' सहसा यंत्राने सपाट केलेला नसतो. तिथे बर्फाचे उंचवटे तयार होतात आणि गुडघे बोलायला लागतात. ज्यांना तो जमतो त्यांना हे वाचायची गरज नाही.

११. चुकून माथ्यावर गेलो आणि खाली येता येईना, तर?

गोंडोलात बसून खाली या. त्यात लाज कसली? दर तासाला कोणी ना कोणी तसं येतंच. वरून गावापर्यंत जंगलातल्या रस्त्यासारखा हिरवा मार्गही आहे, पण तो लांब आहे, काही ठिकाणी अरुंद आहे, आणि नवशिक्याला उतरायला तास-दीड तास लागू शकतो. शेवटच्या लिफ्टच्या वेळेला तो सुरू करू नका. साधारण दुपारी साडेचारनंतर लिफ्ट थांबायला लागतात आणि डोंगरात अंधार झपकन पडतो.

वारा सुटला की वरचा गोंडोला बंद ठेवतात. सकाळी निघण्याआधी कुठलं काय चालू आहे ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

१२. कपडे काय लागतात? सगळं विकत घ्यावं लागेल?

नाही. जलरोधक जाकीट आणि पँट गावात भाड्याने मिळतात. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेटही मिळतं. सगळं मिळून दिवसाला पाच-सहा हजार येन, जास्त दिवस घेतलं तर थोडं कमी. हातमोजे, गॉगल आणि पायमोजे मात्र स्वतःचेच आणा.

आतून घाम शोषून कोरडे होणारे थर्मल, त्यावर फ्लीस, वर जाकीट. सुती बनियन आणि जीन्स नको. भिजल्या की दिवसभर गार पोटीस बांधल्यासारखं वाटतं. गावात तापमान शून्याच्या आसपास असतं, माथ्यावर उणे दहा किंवा त्याखालीही जातं.

१३. भाड्याचे बूट पायाला फार लागतात असं ऐकलं. दोन मोजे घालू का?

नेमकी हीच चूक सगळे करतात. एकच लांब, पातळसर मोजा, आणि थर्मलची पँट बुटाच्या वर, आत कोंबायची नाही. दोन मोज्यांमध्ये घडी पडते, रक्त थांबतं आणि बोटं आणखी गार होतात.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगतात, म्हणून घरीच भिंतीला टाच लावून पाय मोजून ठेवा. फार मोठा पाय असेल तर आधी कळवा. दुकानात वजन विचारतात ते खरं सांगा. पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटावी ते वजन, उंची, वय आणि कौशल्य बघून बसवलेलं असतं. वजन पाच-सात किलोंनी कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटते. जास्त सांगितलं तर हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा जातो.

१४. आम्ही पक्के शाकाहारी. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण तयारीशिवाय हाल होतील. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, 'दाशी'ची असते. सुकवलेल्या माशाचा हा अर्क मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या बुडवणीत, शिजवलेल्या भाज्यांत, कधी लोणच्यातही असतो. "भाजीचं आहे" असं सांगितलं तरी त्यात दाशी असू शकते, कारण सांगणाऱ्याच्या लेखी तो मासा नसतोच. जपानी करी-राइसचंही तसंच. वरून भाज्या दिसल्या तरी रस्सा मांसाच्या चरबीवर केलेला असतो.

म्हणून राहण्याचं ठरवतानाच लिहून कळवा. मिन्शुकु, म्हणजे घरगुती खानावळीसह राहण्याची जागा, दोन्ही वेळचं जेवण देते. तिथल्या बाई आयत्या वेळी काही करू शकत नाहीत, आठवडाभर आधी सांगितलं तर मनापासून करतात. हे वाक्य फोनवर ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देस." मांस-मासे खाता येत नाहीत, दाशीही चालत नाही.

गावात बिनधास्त खाण्यासारखं काय? नागानोचे 'ओयाकी', म्हणजे सारण भरलेले उंड्यासारखे पदार्थ. आत भोपळा किंवा लाल चवळीचं गोड पुरण असेल तर बहुतेक चालतात, वांग्याच्या आणि पालेभाजीच्या सारणात दाशीचं विचारून घ्या. ओनसेन मांजू हे वाफवलेले गोड बन उत्तम. बाकी थेपले, मेतकूट, लसणाची चटणी आणि गरम पाणी घालून होणारे पोहे-उपम्याचे डबे घरून आणा. मांस असलेले पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणि कच्चं धान्य जपानमध्ये आणायला बंदी किंवा कडक नियम आहेत, ते बॅगेत घालू नका. भारतातली किटलीही आणू नका. इथे १०० व्होल्ट वीज आहे, पाणी तापता तापत नाही. खोलीत सहसा किटली असतेच.

१५. गावातली गरम पाण्याची स्नानगृहं फुकट आहेत म्हणे. खरं का? तिथले नियम काय?

खरं आहे. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, त्यांना 'सोतोयु' म्हणतात. दारात छोटी पेटी असते, तिच्यात आपल्या मनाने नाणी टाकायची. ही स्नानगृहं सरकारची नाहीत आणि कुठल्या हॉटेलचीही नाहीत. आसपासची घरं मिळून ती सांभाळतात, पाळीपाळीने धुतात. आपल्याकडे आळीची विहीर सगळी आळी सांभाळायची, तसं. म्हणून पेटीत नाणं टाकणं मला देवळातल्या दक्षिणेपेक्षा कमी वाटत नाही.

नियम थोडक्यात असे. पुरुष आणि बायकांची दारं वेगळी. आत पूर्ण विवस्त्र, पोहण्याचा पोशाख चालत नाही. पाण्यात उतरण्याआधी बाहेर बसून अंग धुवायचं, कारण कुंडातलं पाणी सगळ्यांचं आहे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. केस लांब असतील तर बांधायचे. मोबाइल बाहेरच. बहुतेक ठिकाणी शॉवर नाही, कपडे ठेवायला फक्त फळ्या आहेत, तेव्हा पाकीट खोलीत ठेवून या.

आणि पाणी कढत असतं. पहिल्यांदा मी 'ओयु'मध्ये, म्हणजे गावाच्या मधल्या देखण्या लाकडी स्नानगृहात, घोट्यापर्यंत पाय घातला आणि ओरडले. कडेला बसलेल्या आजींनी हसून तांब्याने पायावर, मग गुडघ्यावर, मग खांद्यावर पाणी घ्यायला लावलं. तसंच करायचं. थंड पाण्याचा नळ असतो, पण शेजारच्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. दोन-तीन मिनिटं बसा, बाहेर या, पुन्हा बसा. रक्तदाबाचा त्रास, गरोदरपण किंवा पोटात बिअर असेल तर जाऊच नका.

१६. बायकांसमोरसुद्धा कपडे काढायचा संकोच वाटतो. आणि पाळी आली तर?

संकोच सगळ्यांना वाटतो, पाच मिनिटं टिकतो. कोणी कोणाकडे बघत नाही, हे तिथे गेल्यावर कळतं. तरी नकोच वाटलं तर स्वतंत्र कुंड राखून देणाऱ्या काही जागा आहेत, राहण्याचं ठरवताना विचारा. पाय भिजवून बसण्याची कुंडंही आहेत, त्यात कपडे काढावे लागत नाहीत.

पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंडात उतरायचं नाही, इथल्या बायकाही उतरत नाहीत. यात विटाळाचा विचार नाही, पाणी सगळ्यांचं असतं एवढंच. खोलीतल्या न्हाणीत अंघोळ करा.

१७. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण काढावे लागतात का?

चांदीचं सगळं काढा. इथल्या पाण्यात गंधक आहे, चांदी एका स्नानात काळी पडते. एका मैत्रिणीची जोडवी तवा झाली होती, घरी येऊन टूथपेस्टने घासत बसलो. स्की करतानाही लोंबणारे दागिने नकोत. मंगळसूत्र काढायचं नसेल तर आखूड करून थर्मलच्या आत ठेवा, आणि अंगठ्या काढा. गारठून बोटं आकसतात आणि अंगठी बर्फात कुठे गेली ते एप्रिलपर्यंत कळत नाही.

१८. सासू-सासरे सत्तरीचे. ते स्की करणार नाहीत. दिवसभर काय करतील?

पहिलं काम, त्यांच्या बुटांना बसणारे काटेरी पट्टे घ्या. गाव चढ-उताराचं आहे आणि सकाळी गल्ल्या निसरड्या असतात. माझ्या ओळखीत स्कीवर हाड मोडलेलं कोणी नाही, गल्लीत घसरून मनगट मोडलेले दोघे आहेत.

बाकी वेळ छान जातो. 'ओगामा' हा जवळजवळ ९० अंशांचा उकळता झरा आहे. पूर्वी त्यात ताग भिजवत, आता गावातल्या बायका भाज्या उकडतात. बाहेरून बघायचं, आत फक्त गावकऱ्यांना परवानगी. अंडी उकडायला पाहुण्यांसाठी वेगळी जागा आहे. स्कीचं संग्रहालय आहे. तिथे १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या आठवणी निघतातच, कारण बायथलॉनच्या, म्हणजे स्की आणि नेमबाजी मिळून होणाऱ्या, शर्यती नोझावातच झाल्या होत्या. (त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता शिवा केशवन, १६ वर्षांचा, ल्यूज या घसरगाडीच्या खेळात.) गरम पाण्यात बसणारी माकडं बघायला जिगोकुदानीला जाता येतं, पण बस सोडल्यावर जंगलातल्या वाटेने अर्धा तास चालावं लागतं. गुडघे साथ देत असतील तरच.

१९. १५ जानेवारीचा आगीचा उत्सव बघायला थांबावं का?

जमलं तर जरूर. दोसोजिन उत्सवात गावकरी बीच नावाच्या झाडाच्या खोडांचा उंच मनोरा रचतात. जपानी समजुतीप्रमाणे २५ आणि ४२ ही पुरुषांची कठीण वयं. त्या वर्षी बेचाळिशीचे पुरुष मनोऱ्यावर बसतात, पंचविशीचे पायथ्याशी उभे राहून तो राखतात आणि बाकीचं गाव पेटते पलिते घेऊन चालून येतं. शेवटी मनोरा पेटतोच. आपली होळी बघितलेल्यालाही घाम फुटेल असं प्रकरण आहे. पाहुण्यांनी लांबून बघायचं, ठिणग्या उडतात म्हणून नवं जाकीट घालू नये. राहायच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतार बऱ्यापैकी रिकामे असतात.

२०. मला स्की उत्तम येतं. दोरीपलीकडचा न तुडवलेला बर्फ खुणावतो. जाऊ का?

हद्दीच्या आत झाडांमधून जायला मोकळे ठेवलेले भाग आहेत, नकाशावर दिसतात. तिथे जोडीने जा. दोरी बांधलेली असेल तर ओलांडू नका. पाऊलखुणा दिसतात म्हणजे रस्ता आहे असं नव्हे. हिमस्खलनाइतकाच मोठा धोका झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीचा असतो. वरून भुसभुशीत बर्फ, खाली खड्डा, डोकं खाली गेलं की एकट्याला वर येता येत नाही. डोंगराबाहेर जायचंच असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) नुसतं पाठीवर नको, वापरता यायला हवं.

गावाचा नियमही स्पष्ट आहे. हद्दीबाहेर अडकलात तर शोधायला येणाऱ्यांचा खर्च तुमच्याकडूनच घेतला जातो.

२१. प्रवास विमा काढलाय. पुरेल ना?

पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. भारतातल्या अनेक साध्या प्रवास विम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात, साहसी खेळांची जोड वेगळी घ्यावी लागते. ती घेतली तरी प्रश्न २० मधला भाग बहुतेक वेळा त्यात बसत नाही.

२२. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणायच्या ना?

आणा, पण घटक वाचून. स्युडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे, आणि आपल्याकडच्या काही सर्दीच्या गोळ्यांत ते असतं. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. पॅरासिटामॉल, मलम आणि क्रेप बँडेज पुरतं.

२३. टोक्योहून गाडी भाड्याने घेऊन येऊ? माझ्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे.

भारतात काढलेला परवाना इथे चालतो. प्रश्न रस्त्याचा आहे. शेवटच्या टप्प्यात गोठलेला चढ, बर्फाचे खास टायर, सकाळी गाडी खणून काढणं. बर्फात चालवायची सवय नसेल तर प्रश्न ५ मधली बस पकडा.

२४. एकूण खर्च किती येतो?

विमान सोडून, दर माणशी दर दिवशी: लिफ्टचा पास सात-आठ हजार येन, सामान प्रश्न १२ प्रमाणे, दोन वेळच्या जेवणासह मिन्शुकु बारा-पंधरा हजार. वर्ग वेगळा. मुलांचे पास स्वस्त असतात. गावात रोख लागते, छोट्या खानावळींत कार्ड चालेलच असं नाही. नवशिक्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण डोंगराचा पास घ्यायची घाई करू नये, खालच्या भागापुरतं किंवा थोड्या तासांचं काही आहे का ते खिडकीवर विचारावं.

२५. परत येताना काय आणावं?

नोझावानाचं लोणचं. ही मोहरीच्या पाल्यासारखी दिसणारी भाजी. अठराव्या शतकात गावातल्या केनमेइजी देवळाच्या पुजाऱ्याने पश्चिम जपानमधून सलगमाचं बी आणलं, पण इथल्या थंडीत कंद न वाढता पाला वाढला, अशी आख्यायिका आहे. शाकाहारी असाल तर पाकिटावरचे घटक कोणाकडून तरी वाचून घ्या (प्रश्न १४). पाकीट गार ठेवावं लागतं आणि फुगतं, म्हणून शेवटच्या दिवशी घ्या, दोन पिशव्यांत गुंडाळून. ज्वारीच्या भाकरीबरोबर आमच्या घरी ते दोन दिवससुद्धा पुरत नाही.